पाते थांबेपर्यंत

आमच्या मुरुडला 'पंखा' हा शब्द तीन ठिकाणी ऐकू येतो. पहिला पंखा घराच्या छताला टांगलेला. दुसरा होडीच्या मागच्या टोकाशी, पाण्याखाली फिरणारा. आणि तिसरा हेलिकॉप्टरचा. किनाऱ्यावरून हेलिकॉप्टर गेले की पोरे अजूनही अंगणात धावत येतात आणि 'बघ, पंखा कसा फिरतो' म्हणून एकमेकांना दाखवतात. इंग्रजीत या तिघांना तीन वेगळी नावे आहेत. आपण तिघांनाही एकाच नावाने हाक मारतो.

शब्दांशी खेळणाऱ्या माणसाला खरे तर याची गंमत वाटायला हवी. पण तिसऱ्या ठिकाणी हा शब्द मला खटकतो. पंखा म्हटले की वारा आठवतो, उन्हाळ्याची दुपार आठवते, आजारी माणसाच्या उशाशी बसून कुणी हलवलेला ताडाचा पंखा आठवतो. भीती काही वाटत नाही. त्यापेक्षा 'पाते' हा शब्द मला बरा वाटतो. पाते विळ्याला असते, सुरीला असते, तलवारीला असते. आणि डोळ्यालाही असते. 'पाते लवते न लवते तोच' असे आपण म्हणतो, ते या डोळ्याच्या पात्याबद्दल. या पात्याविषयी मी आज बोलणार आहे, आणि त्याला कारण आमच्याच तालुक्यात घडलेली एक घटना आहे.

मुरुडहून अलिबागकडे निघालात की काशीदच्या अलीकडे नांदगाव लागते. नारळी-पोफळीच्या वाड्या, सिद्धिविनायकाचे देऊळ आणि समोर समुद्र. १० मार्च २०१८, शनिवार. तटरक्षक दलाचे एक चेतक हेलिकॉप्टर नेहमीच्या गस्तीवर होते. उड्डाणात अडचण आली आणि वैमानिकाने ते कसेबसे सावरून नांदगावजवळच्या खडकाळ किनाऱ्यावर उतरवले. आत चौघे होते. चौघेही जिवंत जमिनीवर आले. इथपर्यंत ऐकले तर कोणीही म्हणेल, देवाने वाचवले. पण सहवैमानिक पेनी चौधरी बाहेर पडल्या आणि अजून फिरत असलेले पाते त्यांच्या डोक्याला लागले. त्या तटरक्षक दलात असिस्टंट कमांडंट होत्या. मुंबईला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात त्या सतरा दिवस झुंजल्या. २७ मार्चला त्यांचे निधन झाले.

आकाशातला अपघात त्यांनी पार केला होता. मृत्यू आला तो जमिनीवर. त्या क्षणी नेमके काय झाले असेल याचे तर्क मी करणार नाही. आदळलेल्या यंत्रातून बाहेर पडणाऱ्या माणसाला आग लागेल की काय, ते कलंडेल की काय, हेच वाटत असणार. तेव्हा त्यांनी असे करायला हवे होते, तसे करायला हवे होते, हे माझ्यासारख्याने घरात बसून म्हणू नये. प्रशिक्षण घेतलेल्या, गणवेशातल्या, डोक्यावर हेल्मेट असलेल्या वैमानिकाला जे चुकवता आले नाही, ते आपल्याला, लुंगी-लेंग्यातल्या आणि नऊवारीतल्या माणसांना, कसे चुकवता येईल एवढाच प्रश्न मी स्वतःला विचारला. आणि मग ज्यांना यातले कळते त्यांच्याकडून समजून घेत गेलो.

आता एक साधा हिशेब करू. तुमच्या घरातला छताचा पंखा घ्या. तीन पाती. रेग्युलेटर पाचवर ठेवला की मिनिटाला साधारण साडेतीनशे फेरे. चेतकच्या डोक्यावरही तीनच पाती असतात, आणि तीही मिनिटाला साधारण साडेतीनशेच फेरे घेतात. म्हणजे आपला शब्द अगदीच चुकलेला नाही! फरक लांबीचा आहे. घरच्या पंख्याचा घेर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार फूट. चेतकचा छत्तीस फूट. फेरे तेवढेच आणि घेर नऊपट, म्हणजे टोकाचा वेगही नऊपट. घरच्या पंख्याचे टोक ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास धावते. चेतकच्या पात्याचे टोक ताशी सातशे किलोमीटरच्या पुढे. जाता जाता सांगतो, चेतक हे मुळात फ्रेंच यंत्र, आपल्याकडे बंगळुरूच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधलेले. त्याचे फ्रेंच नाव आहे 'अलुएत', म्हणजे चंडोल पक्षी. तिकडे चंडोल, इकडे राणा प्रतापांचा घोडा. नावे ठेवणाऱ्या माणसांची मला नेहमीच मौज वाटते.

एवढ्या वेगाने फिरणारी वस्तू डोळ्याला दिसत नाही. वर एक फिकट चकती दिसते, तिच्यातून आकाश दिसते, नारळाचे झाड दिसते. पाते थांबलेले असते तेव्हा ते चांगले लांबरुंद, स्पष्ट दिसते आणि तेव्हा त्याच्यापासून काही धोका नसतो. धोका सुरू होतो तेव्हाच ते दिसेनासे होते. वाघ, साप, विजेची तुटलेली तार, यांतले काहीच असे वागत नाही. म्हणून तर पात्यांच्या टोकांना पिवळा किंवा पांढरा पट्टा रंगवतात. फिरताना त्या रंगाचे एक कडे हवेत उमटते आणि निदान कडे तरी दिसते.

मागचे छोटे पाते याहून वाईट. हेलिकॉप्टरच्या शेपटाला उभे लावलेले ते चक्र मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फिरते. लहान हेलिकॉप्टरमध्ये ते माणसाच्या डोक्या-खांद्याच्या उंचीवर येते. वैमानिकाला मागचे दिसत नाही. वरच्या पात्याच्या आवाजात मागच्याचा आवाज बुडून जातो. २३ एप्रिल २०२३ ला केदारनाथच्या हेलिपॅडवर उत्तराखंडच्या नागरी उड्डाण प्राधिकरणाचे एक अधिकारी या मागच्या पात्याने गेले. दोन दिवसांनी मंदिराचे दरवाजे उघडणार होते, त्याआधीच्या पाहणीसाठी ते तिथे होते. त्यांच्याच खात्याचे काम, त्यांच्याच देखरेखीतले हेलिपॅड.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावले ते इंजिन बंद झाल्यानंतरच्या वेळेने. आपल्याला वाटते, इंजिन बंद म्हणजे पाते बंद. तसे नसते. हेलिकॉप्टरमध्ये इंजिन आणि पाते यांच्यामध्ये एक अशी जोडणी असते की इंजिन थांबले तरी पाते मोकळे फिरत राहते. सायकलचे पायडल मारायचे थांबवले तरी चाक फिरत राहते ना, तसेच. ही सोय मुद्दाम केलेली असते, आणि माणसांचे प्राण वाचवण्यासाठी केलेली असते. हवेत इंजिन बंद पडले तर खाली येताना खालून लागणारा वारा पात्यांना फिरवत ठेवतो आणि त्या जोरावर वैमानिक हेलिकॉप्टर अलगद जमिनीवर आणू शकतो. पाते इंजिनाला बांधलेले असते तर हेलिकॉप्टर दगडासारखे पडले असते. वर असताना जी मोकळीक तारते, तीच खाली उतरल्यावर मिनिट-दोन मिनिटे घातक राहते.

आणि याच मिनिटा-दोन मिनिटांत पाते खाली झुकते. जोरात फिरताना ते ताणलेले, सरळ असते. गोफण जोरात फिरवली की दोरी कशी आडवी ताठ होते, तसे. वेग कमी झाला की ताण जातो आणि लांब पात्याची टोके लोंबू लागतात. त्यात वाऱ्याचा झोत आला तर एखादे पाते आणखी खाली येते. म्हणजे आवाज कमी झाला, फेरे मंदावले, आता जवळ जायला हरकत नाही असे जेव्हा आपल्याला वाटते, नेमके तेव्हाच पाते सगळ्यात खाली असू शकते. जमीन सपाट नसेल तर गोष्ट अधिक बिकट. उताराच्या वरच्या अंगाला जमीन उंच आणि पाते जवळ, खालच्या अंगाला जमीन खोल आणि पाते दूर. आमचा किनारा पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. इकडे वाळू, तिकडे कातळ, मध्ये भरतीने कोरलेले खळगे. एका पावलात माणूस हातभर उंच होतो.

हे सगळे ऐकून आल्यावर मी ते एका जुन्या तांडेलाला सांगत होतो. माझ्याहून वयाने बराच मोठा, आता समुद्रावर जात नाही, जाळी विणत बसतो. तो हसला आणि म्हणाला, "भाई, मशीन बंद झाली म्हणजे पंखा बंद झाला असं नाय, हे आम्हाला ठाव हाय." मग त्याने होडीच्या पंख्याचे सांगितले. जाळे पंख्यात अडकले की कोणाला तरी पाण्यात उतरून, बुडी मारून ते कापून काढावे लागते. मशीन न्यूट्रलला टाकली तरी पाण्याच्या ओढीने पंखा हळूहळू फिरत असतो. म्हणून त्याच्या होडीवर रीत ठरलेली होती. मशीन पूर्ण बंद. मशीनपाशी एक माणूस बसवायचा, तो काही करण्यासाठी नव्हे, दुसऱ्या कोणी काही करू नये म्हणून. आणि खाली गेलेला खलाशी वर येऊन स्वतःच्या तोंडाने 'आलो' म्हणेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. दुसऱ्या कोणी 'आला, आला' म्हटलेले चालायचे नाही.

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. मोठ्या विमानतळांवर जे नियम छापून भिंतीला लावलेले असतात, त्यांचे सार हा माणूस जाळे विणता विणता सांगत होता. म्हणजे ही अक्कल आमच्या किनाऱ्याला नवी नाही. पाण्यातल्या पंख्याची ती पिढ्यान् पिढ्या वापरून झाली आहे. हवेतल्या पंख्याची ओळख तेवढी जुनी नाही, एवढेच.

विमानाच्या पुढच्या पंख्याबद्दलही दोन शब्द बोलतो. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या धावपट्टीवर उतरले, ते एक इंजिनाच्या छोट्या विमानातून. त्या काळी अशा विमानांना सेल्फ नसे. एक माणूस समोर उभा राहून पंख्याला हाताने झटका देई, इंजिन पेटताच मागे सरे. पाऊल घसरले तर संपले. आज बटण दाबून इंजिन सुरू होते, तरी बारामतीसारख्या ठिकाणी विमान शिकायला गेलेल्या मुलांना पहिल्याच दिवसांत सांगतात, की थांबलेल्या पंख्यालाही हात लावू नका, त्याला नेहमी जिवंत समजा. कारण या इंजिनात ठिणगी पाडणारा जो मॅग्नेटो असतो, त्याला बॅटरी लागत नाही. आतली एखादी वायर सुटलेली असली तर चावी बंद असतानाही, पंखा नुसता हाताने हलवला तरी इंजिन एखादा ठोका घेऊ शकते. एक ठोका म्हणजे एक फेरा, आणि एक फेरा पुरतो. मोठ्या जेट विमानांचे तर पंखे झाकलेले असतात, तरी १६ डिसेंबर २०१५ च्या रात्री मुंबई विमानतळावर एअर इंडियाचा एक तंत्रज्ञ सुरू झालेल्या इंजिनात ओढला गेला. तो रोज विमानांतच वावरणारा माणूस होता.

तुम्ही म्हणाल, हे विमानतळावरच्या लोकांनी बघावे, आमचा काय संबंध? संबंध आहे. आमच्या रायगड जिल्ह्यात हेलिकॉप्टर आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. निवडणूक आली की शाळेच्या मैदानावर, शेतात, चुन्याने गोल आखून हेलिकॉप्टरे उतरतात. ३ मे २०२४ ला महाडमध्ये शिवसेनेच्या (उद्धव बाळासाहेब ठाकरे) नेत्या सुषमा अंधारे यांना न्यायला आलेले हेलिकॉप्टर उतरता उतरता कलंडले. धुळीचा लोट उठला, यंत्र डोलले आणि आदळले. सुदैवाने वैमानिक वाचला आणि अंधारेबाई अजून चढलेल्या नव्हत्या. अशा वेळी पाते जमिनीवर आपटते, त्याचे तुकडे होतात आणि ते गोळीसारखे दूरवर उडतात. तिथे पुढाऱ्याला हार घालायला पुढे सरसावलेली गर्दी असती तर? हार घालणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमचा नेता चालत येईल. त्याला येऊ द्या.

आणि निवडणूक नसली तरी आपत्ती असते. १ फेब्रुवारी २०१६ ला पुण्याचे विद्यार्थी मुरुडच्या समुद्रात बुडाले. तो दिवस आम्ही कोणी विसरलेलो नाही. तेव्हा शोधासाठी हेलिकॉप्टरे आली होती. वादळ, पूर, दरड, खलाशी आजारी पडणे, यांतले काहीही झाले तरी ते यंत्र येणार, आणि ते विमानतळावर नव्हे, आपल्या दारात उतरणार. शिवाय नांदगावसारखे संकटात सापडून उतरले तर तिथे अग्निशामक गाडी आधी पोहोचणार नाही. जाळे टाकून, पोफळीचे शिंपणे टाकून, चहाचा कप खाली ठेवून धावणारे आपणच असू. किनाऱ्यावरचा माणूस संकटात धावतो, त्याला कोणी शिकवावे लागत नाही. मला शिकायचे आणि शिकवायचे आहे ते थांबणे. धावत जायचे, पण शंभर फुटांवर थांबायचे, आणि पाते पूर्ण, अगदी पूर्ण स्थिर होईपर्यंत पुढे पाऊल टाकायचे नाही. तेवढ्यात आतला माणूस ओरडेल, हात करील. आपल्या छातीत कालवाकालव होईल. तरी थांबायचे. आपण आपटलो तर त्याला उचलणारे दोन हात कमी होतात.

आतून कोणी बाहेर पडताना दिसला तर त्यालाही आपण मदत करू शकतो, ओरडून नव्हे, कारण त्या आवाजात ऐकू येत नाही. दोन्ही हातांनी खाली बसण्याची खूण करायची. बस, वाक, तिथेच थांब. मागच्या बाजूने कोणी जायचे नाही, कधीच नाही, पाते फिरत असो वा नसो. जवळ जायचेच असेल तर समोरून, वैमानिकाला दिसेल असे, त्याने अंगठा दाखवल्यावर, कमरेत वाकून, आणि उतार असेल तर खालच्या अंगाने. डोक्यावरची टोपी, ओढणी, पदर, गमछा सगळे आधी काढून किंवा खोचून ठेवायचे. टोपी उडाली की हात आपोआप वर जातो आणि टोपीमागे माणूस धावतो. छत्री तर नकोच. काठी, वल्हे, बांबू, स्ट्रेचर, काहीही लांब असेल तर ते आडवे, कमरेखाली धरायचे, खांद्यावर नाही. कोळ्याला वल्हे खांद्यावर घ्यायची सवय असते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

वाळूचे वेगळे सांगायला हवे. हेलिकॉप्टरच्या वाऱ्याने किनाऱ्यावरची वाळू अशी उडते की डोळे उघडे ठेवता येत नाहीत. आंधळा झालेला माणूस चालत राहतो आणि कुठे चाललो ते त्याला कळत नाही. डोळ्यांत वाळू गेली तर जिथे असाल तिथे खाली बसा. बसलेल्या माणसावरून सहसा सगळे निघून जाते. आणि हेलिकॉप्टर उतरणार असे आधी कळले असेल तर वाळत घातलेली जाळी, ताडपत्र्या, सुटे पत्रे, दोरीवरचे कपडे, सुकवायला पसरलेली मासळी हे सगळे आधी हलवा. एक उडालेली ताडपत्री पात्यात गेली तर वरच्यांचे आणि खालच्यांचे दोघांचेही मरण.

मला विचाराल तर प्रत्येक किनारी गावच्या ग्रामपंचायतीत एक लांब दोर आणि चार खुंट्या या कामासाठी वेगळे ठेवावेत, आणि दोर धरणारी चार माणसे नावानिशी ठरवून ठेवावीत. खर्च काहीच नाही. दोर आमच्याकडे घरोघर आहे. शाळेत तटरक्षक दलाच्या कोणा जवानाला वर्षातून एकदा बोलवावे. ते आनंदाने येतील असे मला वाटते. पोरांना हेलिकॉप्टरचे चित्र काढायला लावावे, आणि मागचे छोटे चक्र काढायला जो विसरेल त्याचे गुण कापावेत. हे मी गमतीने म्हणत नाही. मी मुलांना काढायला सांगून पाहिले आहे. वरचे पाते सगळे काढतात, खिडकीतून हात हलवणारा माणूस काढतात, सूर्यसुद्धा काढतात. मागचे चक्र निम्मी मुले काढतच नाहीत.

समुद्रात किंवा किनाऱ्यावर काही पडलेले, बुडालेले, संकटात सापडलेले दिसले तर तटरक्षक दलाचा फोन नंबर आहे १५५४. हा आकडा मच्छीमारांना माहीत असतो, पण वाडीवाल्यांनी, घरगुती खाणावळी चालवणाऱ्यांनी, घोडागाडीवाल्यांनीही तो लिहून ठेवावा. फोन लागल्यावर आधी गावाचे नाव सांगा, मग जवळची खूण. देऊळ, दर्गा, जेटी, काय असेल ते. नंतर माणसे किती दिसतात ते. आणि पाते अजून फिरते आहे की थांबले आहे, तेही सांगा.